आधी गाडीची आंघोळ

...आणि वर मलाच विचारतात, "सत्यवती, आज पानी एवढा कोमट कसा?" आता काय बोलावं माणसानं? म्हटलं, अहो, कोमट असणारच, कढत होतं ते तुमच्या लाडकीच्या पोटात गेलं, तुमच्या वाट्याला आलंय ते बंबाच्या तळाचं, त्यात चिमूटभर राखही असेल, घ्या अंगावर, पुण्य लागेल!

लाडकी कोण म्हणून विचाराल. सवत नाही हो! सवत असती तर निदान स्वतःची बादली स्वतः उचलली असती तिनं. ही आमची गाडी. मालाची. कधी मीठ, कधी भात, कधी तळोज्याकडची रेती, मिळेल ते भरायचं आणि मिळेल तिकडे जायचं. डिझेलवर चालते, म्हणजे चालली तर चालते. उन्हाळ्यात बोट लावलं की घुर्र करते, पावसाळ्यात चिखलातून हत्तीसारखी निघते, पण एकदा का दिवाळी आली आणि माथेरानच्या डोंगरावरून पहाटेचा वारा खाली उतरला, की संपलं! मुंबईचे पाहुणे हसतात मला. म्हणतात, "वहिनी, पनवेलला कुठली आलीय थंडी?" मी त्यांना सांगते, पनवेलची थंडी माणसांना कळत नाही, डिझेलला कळते.

तुम्हाला सांगते, आमच्या घरात थंडीचे नियम वेगळे. रात्री गाडी अंगणात आली की तिच्या नाकासमोरचं ते रेडिएटर असतं ना, त्यातलं पाणी तोटी सोडून काढून टाकायचं. का? तर सकाळी त्यात कढत पाणी ओतायचं. का? तर आतलं तेल थंडीनं काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, इंजिन आखडलेलं असतं, त्याला शेक हवा. आणि हा शेक काय तांब्याभर पाण्याचा? बंब पहाटे पेटवायचा, लाकडाच्या ढलप्या घालायच्या, धूर डोळ्यांत घ्यायचा, पाण्याला आधण आलं की बादली भरायची, ती गाडीला. मग बंबात पुन्हा गार पाणी घालायचं आणि ते जरा कोमट होतंय न होतंय तोवर घरातल्या माणसांनी ओरडायचं, "झालं का? झालं का?" ते आम्हाला! तान्हं मूल असो, म्हातारं माणूस असो, मला स्वतःला ताप असो... आधी गाडीची आंघोळ, मग माणसांची!

अहो, दिवाळीची पहिली आंघोळ सुद्धा! उजाडायच्या आत जो न्हात नाही तो नरकात जातो म्हणतात. मग आमची गाडी सरळ स्वर्गात जाणार, आणि आम्ही सगळे मागून धक्का मारत नरकाच्या दारापर्यंत!

मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा हे असं नव्हतं. ह्यांचं घर मूळचं बेलपाड्याचं, मिठागरावरचं. बैलगाडी होती. बैलाला कोणी पहाटे गरम पाणी देत नाही. पण ह्यांना गाडीचं वेड. आधी दुसऱ्याच्या गाडीवर चालक, मग ही स्वतःची, जुनी घेतलेली, आणि तिला उभी करायला जागा हवी म्हणून पनवेलच्या वेशीवर हे घर. घर बघायला आले तेव्हा मला वाटलं माजघर बघतील, चूल बघतील, विहीर किती लांब ते बघतील. ह्यांनी अंगणाचा उतार बघितला! म्हणाले, "झकास हाय. गाडी नाय उठली तर लोटायला बरा." झालं, घर ठरलं.

तर हे पाणी न्यायचं काम कोणाकडे? शकूकडे. शकू म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक. बादली दोन्ही हातांनी उचलता यायला लागली तेव्हापासून तिच्याकडे. मी बंब पेटवायची, ती बादली न्यायची, चाकावर पाय देऊन वर चढायची, झाकण उघडायची आणि ओतायची. हे आत बसून सेल्फ मारायचे, म्हणजे ते चालू करायचं बटण. "खुळ्ळ... खुळ्ळ... खुळ्ळ..." दम्याचा म्हातारा उठावा तसं इंजिन. आणि ही खालून ओरडायची, "बाबा, थांबा! अजून तिला पोचलं नाही, जरा दम घ्या!" ...तिला! तिला पोचलं नाही! आणि हे ऐकायचे हो तिचं! माझं कधी ऐकलं नाही, पण शकू म्हणाली थांबा की थांबले. मग ती कान देऊन उभी राहायची, आणि म्हणायची, "आता." की हे बटण दाबायचे, की... धड! धडाड! धडधडधड! पांढरा धूर सगळ्या अंगणात, कोंबड्या पळतायत, आणि ही पोर टाळ्या वाजवतेय.

आणि मग ती त्या कोमट पाण्यानं न्हाऊन, दातावर दात आपटत शाळेला जायची. ओल्या वेणीनं. मला कसं व्हायचं सांगू? मी शिकलेली बाई, मॅट्रिकच्या वर्गापर्यंत गेलेली. आरोग्याच्या धड्यात आम्हाला होतं, मुलांनी सकाळी ऊन पाण्यानं स्नान करावं. धड्यात गाडीचं काही नव्हतं!

म्हणून शकूचं लग्न ठरलं, त्या दिवशी मी ह्यांना देवासमोर उभं केलं. म्हटलं, हात लावा नारळाला. लावला. म्हटलं, आजवर माझी पोर गाडीच्या मागून न्हाली. मी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण तुम्ही ऐकलं नाही. आता लग्नाच्या दिवशी पहिलं पाणी तिचं. गाडी उठो न उठो. हे म्हणाले, "आगो, शप्पत कशाला? माझी पन पोर हाय ती." म्हटलं, नारळावरचा हात काढू नका, पूर्ण बोला. बोलले. "पयला पानी शकूचा." तेव्हा मी त्यांना सोडलं.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई एका बादलीसाठी एवढी का झुरते? अहो, बादलीचं नव्हे ते. मुलगी जाणार. तिला मी काय दिलं? दागिने दिले ते चार लोकांनी बघितले. भांडी दिली, ती तिच्या सासूनं वाजवून बघितली. पण तिला या घरात एकदा तरी कोणी सगळ्यांच्या आधी म्हटलं का? एकदा? ते मला द्यायचं होतं. दुसरं काही नाही.

लग्न माघातलं. आणि ते नवऱ्याच्या दारात, नेऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. का? तर त्यांचं अंगण मोठं. आमचंही अंगण मोठंच आहे हो, पण त्यात कोण उभं आहे ते तुम्हाला माहीत आहे! मुहूर्त सकाळचाच. म्हणजे हळद आमच्याकडे आदल्या दिवशी, पहाटे नवरीचं नहाण, आणि लगेच सगळं वऱ्हाड गाडीत घालून नेऱ्याकडे. गाडीशिवाय दुसरं काही नाही. बैलगाड्यांनी गेलो असतो तर आम्ही पोचेपर्यंत जावई संसाराला कंटाळला असता.

आमच्या आगरी लोकांत लग्नाला धवलारीण लागते, धवला म्हणजे लग्नाचं गाणं म्हणणारी. भटजी मागेपुढे झाला तर चालतं, पण धवलारणीनं धवला गायल्याशिवाय हळदीला हात लागत नाही, नवरी पाटावर बसत नाही, पानही हलत नाही. आमची धवलारीण भामाबाय. वयानं म्हाताऱ्या, अंगानं काडी, पण आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा, आणि नजर अशी की मोठमोठे पुरुष विडी लपवतात. त्या आदल्या दिवशीच येऊन राहिल्या. संध्याकाळी पाच सवाष्णींनी गात गात विहिरीचं पाणी आणलं आणि बंबात ओतलं. बंबाला हळदकुंकू लावलं, गळ्यात दोरा बांधला. मी त्या बंबाकडे बघून मनात म्हटलं, बाबा रे, आज तुझंही सोनं झालं, उद्या तू माणसासाठी तापणार आहेस!

पहाट झाली. आणि थंडी कशी? त्या वर्षी पडली नव्हती तशी, अगदी मुहूर्त साधून! गवतावर दहिवर, तोंडातून वाफ, मांडवाचे वासे ओलेगार. मी बंब पेटवला. शकू मांडवात पाटावर, अंगभर हळद, पिवळं पातळ, कुडकुडतेय. भामाबाय शेजारी घोंगडीत. मी आधणाची बादली भरली, त्यात आंब्याची डहाळी घातली, पाटाजवळ आणून ठेवली. पहिली बादली हो! म्हटलं, फक्त उटणं कालवून आणते आतून. अशी गेले आणि अशी आले.

तेवढ्यात बाहेर काय चाललं होतं? गाडी उठत नव्हती. हे शपथेला जागले, मी नाही म्हणत नाही. रेडिएटरमध्ये गार पाणी घातलं होतं. जगनभाऊजी, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, गाडीच्या पोटाखाली काठीला चिंध्या गुंडाळून काकडा पेटवून बसले होते, शेक देत. हे आत. "खुळ्ळ... खुळ्ळ..." मग पुन्हा, "खुळ्ळ..." आवाज बसत चाललेला. मी आत उटणं कालवतेय आणि कान बाहेर. म्हटलं, उठू नकोस, खुशाल उठू नकोस, आज तुझी पाळी नाही.

वाटी घेऊन बाहेर आले... पाट रिकामा!

नवरी नाही. बादली नाही. भामाबाय तोंड उघडं टाकून मांडवाबाहेर बघतायत. मी बघितलं, तर माझी शकू, अंगाला हळद लागलेली नवरी, पदर खोचून गाडीच्या चाकावर उभी! आणि बादली उपडी! तोटी सोडून गार पाणी काढलेलं, कढत ओतलेलं, तिच्या नहाणाचं, पाच सवाष्णींनी आणलेलं, धवल्याचं पाणी... सगळं त्या भवानीच्या पोटात! आंब्याची डहाळी रेडिएटरच्या तोंडात अडकून हलतेय! आणि ही म्हणतेय, "बाबा, थांबा. जरा दम घ्या." आणि मग, "आता!"

धड! धडाड! धडधडधडधड!

अहो, धूर! मांडवात धूर, सवाष्णी खोकतायत, भामाबाय खोकतायत, माझी उटण्याची वाटी कुठे पडली मला माहीत नाही. आणि ह्या सगळ्यातून ह्यांचा आवाज, "उठली रं उठली!" जसं काही तिचंच लग्न होतं! मी मटकन पाटावर बसले. शेवटच्या दिवशी सुद्धा... लग्नाच्या दिवशी सुद्धा... आधी गाडीची आंघोळ, मग माणसांची!

पण रडायला तरी वेळ कुठे? भामाबाय उठल्या. सगळं गप्प झालं, म्हणजे गाडी सोडून सगळं. "सत्यवते! हलदीची नवरी मांडवाभायेर गेली! आमच्यात हलद लागली का पोर मांडवाभायेर पाय ठेवत नाय, ठावं हाय का तुला?" म्हटलं, ठाऊक आहे बाय, पण आता काय करू? ती गेली. ती चाकावर उभी आहे. भामाबाय बघत राहिल्या. एकदा शकूकडे, एकदा गाडीकडे. मला वाटलं झालं, आता लग्न मोडतंय. आणि तुम्हाला सांगते, त्या काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "मांडवाची एक डहाली तोडा नि त्या गाडीला बांधा. डहाली बांधली तिथवर मांडव. मंग पोर भायेर गेलीच नाय!"

घ्या! हायकोर्टात असा निकाल नसेल. जगनभाऊजींनी डहाळी बांधली, मी गाडीला हळदकुंकू लावलं, माझ्या हातानं, हो, त्या हातांना काय वाटलं असेल! आणि गाडी मांडव झाली.

"पन नहान?" भामाबाय म्हणाल्या. "बंबात काय हाय?" बंबात काय असणार? गार पाणी! आणि हे वरून ओरडतायत, "लवकर न्हावा! बंद केली तर परत उठायची नाय! डिझेल जलतंय!" तेव्हा भामाबाय म्हणाल्या, "पाच घरचा ऊन पानी आना. पाच घरचा पानी म्हंजे पाच सवाष्णींचा पानी." धावल्या बाया. कोणी कळशी, कोणी पातेलं. आणि कुंपणाच्या पलीकडून आमची शेजारीण झुबेदा, भलं मोठं डेग दोन्ही हातांत धरून, फुंकर मारत येतेय. "सत्यवतीबाय, हे घ्या, बिस्मिल्ला करून तापवलेलं आहे. आमच्या इलियासच्या आंघोळीचं होतं. तो काय, जुम्म्याशिवाय पाण्याला हात लावत नाही, त्याला सबबच पाहिजे होती!" मी भामाबायकडे बघितलं. भामाबायनी डेगात बोट घालून बघितलं. म्हणाल्या, "ह्याच समद्यांत चांगला तापलाय. आधी ह्याच ओता."

आणि तशी न्हाली माझी शकू. पाच घरच्या पाण्यानं, कुठलं कढत, कुठलं कोमट, एका घरच्याला तर आल्याचा वास, चहाच्या पातेल्यातलं होतं बहुतेक. भामाबाय धवला गातायत, गाडी धडधडतेय, दोघींची चढाओढ लागलेली. न्हाली. पण गाडीच्या मागून, दुसऱ्या पाण्यानंच न्हाली हो. ते काही मला विसरता येईना.

मग निघालो. मागे सगळं वऱ्हाड, सतरंजीवर, एकमेकांच्या मांडीवर. पुढे चालकाशेजारी शकू, मी, आणि खिडकीशी भामाबाय. गाढी नदीच्या काठानं धुकं एवढं की रस्ता कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं कळेना. गाडीच्या तोंडावर थंडी लागू नये म्हणून ह्यांनी पोतं बांधलेलं असतं, ते मी लग्न म्हणून काढायला लावलं होतं, तर ह्यांनी काय बांधावं? माझी लग्नातली सतरंगी गोधडी! गाडी खोकतेय, मधेच एक ठोका चुकवतेय, की ह्यांचा पाय दाबला जातोय, की आम्ही सगळ्या मागे आपटतोय.

मी शकूला हळूच विचारलं. म्हटलं, का गं ओतलंस? सवयीनं? हात आपोआप गेला ना? मला वाटलं होतं हो म्हणेल. म्हणजे मला राग सवयीवर काढता आला असता. तर ती म्हणाली, "नाही आई. सवयीनं नाही. आवाज बसत चालला होता. अजून एकदा बटण दाबलं असतं तर बॅटरी उतरली असती. मग धक्का, मग उशीर, मग बाबांना तिथे सगळे बोलले असते, की स्वतःच्या पोरीच्या लग्नाला ह्यांची गाडी उठली नाही. आंघोळ काय आई... उद्या पण करता येते."

मी तिला पहिलं पाणी देणार होते, ते तिनं घेतलं, आणि देऊन टाकलं. तिचंच होतं ना ते? मग तिनं कोणालाही द्यावं. हे मला तेव्हा सुचलं का? छे! तेव्हा मला नुसतं रडू आलं आणि भामाबाय म्हणाल्या, "रडू नको, अजून रडायची येल नाय आली, मी सांगन तवा रड."

वेशीवर व्याही वाट बघत उभे. विहीणबाई आरतीचं ताट घेऊन, चंद्रावतीबाई त्यांचं नाव, भल्या बाई. आता तिथे गाडी थांबवायची, खाली उतरायचं, पायांवर पाणी, गूळपाणी, राम राम. हे थांबवतील तर शपथ! "थांबली तर बंद पडंल!" अहो, गाडी आपली गोगलगाईसारखी पुढे सरकतेय आणि विहीणबाई आरती घेऊन बरोबर चालतायत! मी भामाबायच्या अंगावरून खिडकीतून डोकं बाहेर काढून कुंकू लावून घेतेय, ते नाकावर. व्याही मागून येत विचारतायत, "इवाय, काय बिनसलं का?" आणि हे आतून, "नाय नाय, सगला झकास हाय, तुमी चाला!"

पोचलो. सगळे उतरले. शकूला आत नेलं. मुहूर्त जवळ आला, अंतरपाट आणला, नवरा मुलगा आनंदा मुंडावळ्यांतून बघतोय, भामाबायनी गळा साफ केला... आणि काही ऐकूच येईना. धडधडधडधड! गाडी मांडवाला लागून उभी, चालूच! आणि हे आत बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर.

जगनभाऊजी गेले, परत आले. "येत नाय म्हणतो. म्हणतो, गाडी मांडवच हाय, भामाबायनीच सांगितलाय, मी मांडवातच हाय." भामाबाय तिथूनच कडाडल्या, "बळीराम! तुझ्या गाडीपुढं माझा धवला माझ्याच कानाला येत नाय! बंद कर ती!" ह्यांनी मान हलवली. नाही.

मग मी गेले. लोक बघतायत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायरीवर चढले, दार उघडलं. म्हटलं, उतरा.

"थंडी हाय," म्हणाले.

थंडी? अहो, ऊन चढलं होतं! डोंगरावरचं धुकं कधीच विरलं होतं, माझ्या पाठीला चटका बसत होता, गाडीच्या टपावर पापड वाळले असते! म्हटलं, अहो, घाम आलाय तुम्हाला, उतरा, पोर वाट बघतेय.

म्हणाले, "बंद केली तर परत नाय उठायची."

म्हटलं, उठेल, रात्री सगळे मिळून धक्का मारू, एवढं वऱ्हाड आहे.

"आजचा नाय गो सांगत मी," म्हणाले. चाकाकडेच बघत होते. "उद्याचा सांगतो. उद्या सकालचा पानी कोन आनंल?"

...

मी आजवर हिशेब करत आले की ह्या माणसानं पोरीला दुसऱ्या पाण्यावर ठेवलं. आणि ह्यांना ती रोजची पहाट म्हणजे... अहो, दिवसभर हे रस्त्यावर, रात्री येतात तेव्हा ती झोपलेली. बापलेकीची भेट कधी? तर त्या बादलीपाशी. "थांबा बाबा." "आता बाबा." एवढंच बोलणं, पण रोजचं. मी त्या धुरात बंबाशी बसलेली, मला पाणी दिसत होतं, दुसरं काही दिसलंच नाही.

म्हटलं, मी आणीन. चला.

माझ्याकडे बघितलं त्यांनी. डिझेलचं इंजिन किल्ली काढून बंद होत नाही, माहीत आहे ना? एक तार असते, ती ओढावी लागते. ह्यांनी ती धरली, सोडली, परत धरली. आणि ओढली. धड... धड... ध... आणि गप्प. एवढी शांतता झाली की विहिरीवरचा रहाट ऐकू यावा. आणि त्या शांततेत भामाबायचा आवाज उठला, धवल्याचा, उंच, नुसता. हे खाली उतरले, हात पुसले, उतरताना पायरी चुकले, आणि जाऊन शकूच्या मागे उभे राहिले. भामाबाय गाता गाता माझ्याकडे वळल्या आणि मान हलवली... म्हणजे आता रडलीस तरी चालेल.

तर असं झालं शकूचं लग्न. आणि तेव्हापासून बादली माझ्याकडे! बंबही मी, बादलीही मी, चाकावर चढायचं ते मी, ह्या वयात, लुगडं सांभाळत! आणि कान मला कुठे आहे तो? मी आपली ओतते आणि लगेच म्हणते, "आता!" हे म्हणतात, "आता नाय गो, शकूसारखा जरा ऐक, तिला पोचू दे." ...मला शिकवतात! आणि मी ऐकते. म्हणजे ऐकायला लागलेय. परवा मी म्हटलं, थांबा, दम घ्या... आता! आणि पहिल्या फटक्याला उठली हो! मी टाळी वाजवली असती, पण हातात बादली होती. वर आंघोळीला काय, तर कोमट! आधी गाडीची आंघोळ, मग माणसांची, त्यात काही फरक नाही.

मग पुढच्या संक्रांतीला शकू आली माहेरी. मी तिला जवळ घेतलं, पोहे दिले, हात धरून माजघरात नेलं. म्हटलं, खरं सांग बाळ, एकच विचारते. तिथं तरी सकाळी पहिलं पाणी तुला मिळतं ना?

हसायला लागली. म्हणाली, "आई, तिथं पहिलं कढत पाणी म्हशीच्या आंबोणाला जातं. मग मामंजींना, मग सासूबाईंना, मग उरलं तर मला."

माझा चेहरा बघून तिनं माझ्या गळ्यात हात टाकला. म्हणाली, "पण आई, एक मात्र सांगते हं, सुखात आहे मी... म्हशीला कधी धक्का मारावा लागत नाही!"